थोरल्याचं की धाकट्याचं

मी लाकडाची डॉक्टर आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास वाळवीवर येतो. टोकियोतल्या एदोगावा भागात आमच्या मराठी मंडळाचा गणपती बसतो, तिथे तर दरवर्षी कुणीतरी मला कोपऱ्यात घेतंच. "अगं, पुण्याच्या फ्लॅटमधल्या कपाटातून भुसा पडतोय, काय करू?" पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलाव, आणखी काय करणार! माझं काम वेगळं. जुनं चित्र ज्या लाकडावर काढलंय ते लाकूड कुठलं, कधीचं आणि कुणाच्या हातचं, हे मी सांगते. म्हणजे सांगायची, गेल्या वर्षी निवृत्त झाले. उभं आयुष्य मी चित्रांची पाठ बघण्यात घालवलं. पुढच्या बाजूला काय रंगवलंय ते बघायला दुसरी माणसं असायची, आणि चहापाण्याच्या वेळी मान त्यांनाच मिळायचा.

जपानमध्ये आले ती पीएचडीसाठी. तीन वर्षांत परत येते असं आईला सांगितलं होतं. ते काही झालं नाही. टोकियोत चित्रं दुरुस्त करणारी एक छोटी लॅब आहे, तिथे चिकटले ते चिकटलेच. माझं आडनाव पटवर्धन. ते जपानी जिभेला झेपेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात माझी 'पातो-सान', म्हणजे पातोबाई, झाली. हे नाव ठेवणाऱ्या मोरिता-सान म्हणजे लॅबच्या मुख्य चित्र-दुरुस्तीकार. बुटक्या, शांत, कामाला वाघ. मी एका वाक्यात भडकणार आणि त्या एका वाक्यात मला गप्प करणार, अशी आमची जोडी.

आता थोडं धंद्याचं सांगते, कंटाळू नका. युरोपात कॅनव्हास रुळण्याआधी चित्रं लाकडावर काढायचे. ओकच्या दोन-तीन फळ्या सरसाने जोडून एक तक्ता करायचा, मागच्या कडा तासायच्या आणि तो चित्रकाराकडे पाठवायचा. चित्रकार हे स्वतः करत नसत. त्यासाठी वेगळे सुतार होते, आणि अँटवर्प शहरात तर त्यांचा मोठा संघ होता. जुनी डच चित्रं म्हणून आपण जी बघतो त्यातली कितीतरी तिथल्या तक्त्यांवर आहेत. संघाचा नियम कडक. सुताराने तक्त्याच्या पाठीवर आपली खूण ठोकायची. मग संघाचा मुखिया येऊन लाकूड तपासणार, सालीजवळचं कोवळं लाकूड घुसडलेलं दिसलं तर तक्ता बाद करणार, आणि पसंत पडलं तर तापलेल्या लोखंडाने शहराचा शिक्का डागणार. शिक्का म्हणजे एक किल्ला आणि वर दोन हात. आपल्याकडे सोन्यावर हॉलमार्क असतो ना, त्यातलाच प्रकार.

कुठला सुतार संघात कधी दाखल झाला याच्या नोंदी बऱ्याचशा टिकल्या आहेत. त्यामुळे पाठीवर खूण सापडली की चित्र अमुक सालाच्या आधीचं असूच शकत नाही, असं छातीठोकपणे म्हणता येतं. चित्रकाराच्या सहीवर माझा फारसा विश्वास नाही. सही कुणीही करतं. पाठीवर मात्र खोटं बोलायची कुणाला गरज पडत नाही, कारण पाठ बघतंय कोण!

पण खरं लोकांना हवं असतं का, हा प्रश्नच आहे. एका निवृत्त कंपनी डायरेक्टरने आणलेलं 'डच' चित्र निघालं कपाटाच्या दारावर काढलेलं. कुलपाचं भोक बुजवलेलं स्पष्ट दिसत होतं. गृहस्थ कमरेत वाकून आभार मानून गेले, मिठाईचा खोका ठेवून गेले, आणि पुढच्या वर्षी तेच चित्र दुसऱ्या लॅबमध्ये घेऊन गेले. आपल्या मंडळातल्या एका बाईंनी सासूबाईंचा चंदनाचा देव्हारा दाखवला. मी वास घेतला, भिंग लावलं. चंदन कसलं, साधं सागवान! बाई नवऱ्याकडे चोरून बघत म्हणाल्या, "यांना बोलू नकोस हं. यांच्या आईने तेवढं एकच दिलंय." बोलले नाही. तो काही माझ्याकडे कामासाठी आलेला देव्हारा नव्हता. कामासाठी आलेल्या वस्तूबद्दल मात्र मी कधी कुणाला गोड सांगितलं नाही. सुगावारा-सानांनाही नाही. त्यांच्याबद्दलच लिहायला बसले आहे.

२०११च्या भूकंपानंतर तीन-एक वर्षांनी त्यांचं चित्र आमच्याकडे आलं. त्या भूकंपाचं आमच्या बाजूचं तुम्हाला ठाऊकच आहे. खाडीकाठच्या उरायासूत रस्त्यांतून चिखल वर आला, मी टोकियोहून इचिकावाला चालत घरी पोचले, आणि आईने फोनवर "आत्ताच्या आत्ता परत ये" म्हणून रडून घेतलं. आमचं निभावलं. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर त्सुनामी आली आणि गावंच्या गावं गेली. अशाच एका गावात मासे सुकवणाऱ्या कारखानदाराने पूर्वी हौसेने बांधलेली दोन मजली चित्रशाळा होती. बहुतेक चित्रं स्थानिक होती. बोटी, समुद्र वगैरे. परदेशी असं एकच. जुन्या चर्चच्या आतला भाग. खांबांमागे खांब, काळ्या-पांढऱ्या फरशा, खालच्या कोपऱ्यात दोन कुत्री.

चित्र बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. लाकडी तक्त्याला पाण्याचं वावडं. समुद्राचं पाणी लागलं होतं ते लागलंच होतं, पण नंतर कुणीतरी तो चक्क टबात घालून गोड्या पाण्याने धुतला होता! फळ्या फुगून जोड उकलला होता, खालचा रंग पापुद्र्यांनी गेला होता. फरशा जवळजवळ संपल्या होत्या आणि कुत्र्यांपैकी एकच उरलं होतं.

"कुणी केला हा गाढवपणा?" मी ओरडले.

"गावातल्या स्वयंसेवकांनी," मोरिता-सान म्हणाल्या. "शाळेच्या जिममध्ये महिनोन् महिने ते चिखलातले फोटो धुत होते. लोकांची लग्नं, बारशी. फोटो गोड्या पाण्यात धुवायचे असं त्यांना शिकवलं होतं. हेही चित्रच, म्हणून धुतलं. पातो-सान, त्यांनी आधी आपापल्या घरचे फोटो शोधले होते. सगळ्यांना सापडले नाहीत."

मी तक्ता उलटा केला आणि पाठ बघायला घेतली.

पण त्या धुण्यामुळे एक गोष्ट झाली होती. तक्ता वाकू नये म्हणून पाठीवर पूर्वी कधीतरी जाड जपानी कागदाचे थर खळीने चिकटवले होते. पाण्याने खळ सुटली आणि कागद निघून गेला. खाली ओकची पाठ उघडी पडली होती. तिच्यावर किल्ला होता, दोन हात होते, आणि जरा बाजूला नखाएवढी एक ठोकलेली खूण. एक किल्ली. इतकी वर्षं ती कुणी पाहिलीच नव्हती.

सुगावारा-सान पुढच्याच आठवड्यात आले. सत्तरी ओलांडलेले, गावच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर. कारखानदाराचे जावई. शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, आले होते, हातात गावच्या माशाच्या वड्यांचा खोका. तोहोकूची, म्हणजे तिकडची उत्तरेची बोली, मला अर्धीच कळायची. मोरिता-सान मध्ये मध्ये सांगायच्या. मी नेहमीसारखं विचारलं, तुम्हाला नक्की काय हवंय? जपानी माणूस या प्रश्नाला सहसा सरळ उत्तर देत नाही. त्यांनी दिलं.

"हे चित्र थोरल्याचं आहे की धाकट्याचं, तेवढं सांगा."

हे थोरले-धाकटे कोण ते सांगायला हवं. चर्चचा आतला भाग रंगवणाऱ्यांत एक बाप-लेक होते. दोघांचं नाव एकच, सहीही जवळपास एकच, आणि तीच या चित्रावर होती. थोरला नावाजलेला. धाकट्याने बापाच्याच चित्रांसारखी चित्रं काढत जन्म काढला, आणि जाणकार त्याला नाकं मुरडतात. कारखानदाराने चित्र थोरल्याचं म्हणून विकत घेतलं होतं आणि चौकटीखाली तशी पाटीही लावली होती.

"माझी बायको काझुए, ती सासऱ्यांची एकुलती एक," सुगावारा-सान सांगू लागले. "लग्न होऊन घरात आलो त्याच वर्षी मी चित्रासमोर उभा राहून म्हणालो, हे धाकट्याचं दिसतंय. अशी भडकली! दोन दिवस बोलली नाही. मग मला नादच लागला. जेवताना, पाहुणे आले की, नवीन वर्षाला देवळात जाऊन आलो की, मी मुद्दाम विषय काढायचो. ती हातातलं काम टाकून मला पुराव्यानिशी झापायची. खांब बघा, उजेड बघा, असा उजेड पोराला जमला असता का! मी म्हणायचो, मला तर पोराचाच हात दिसतो. जन्मभर हेच भांडण चाललं."

"पण तुम्हाला ते धाकट्याचं का वाटायचं? काही पुरावा होता का?" मी विचारलं.

ते हसले. "मला काय कळतंय डच चित्रांतलं! मी शाळेत पोरांना जलरंग शिकवणारा माणूस. ती चिडली की छान दिसायची, म्हणून म्हणायचो."

मग त्यांनी त्या दिवसाचं सांगितलं. ते गुडघ्याच्या तपासणीसाठी टेकडीवरच्या दवाखान्यात होते. काझुए-सान चित्रशाळेत. हादरा बसल्यावर त्या शेजारणींबरोबर टेकडीकडे निघाल्या, अर्ध्या वाटेपर्यंत आल्या आणि "वडिलांचं चित्र राहिलं" म्हणून परत फिरल्या. शेजारणींनी हाका मारल्या. चित्र नंतर वरच्या मजल्यावर सापडलं. बसायच्या दोन गाद्यांमध्ये ठेवून किमोनोच्या पट्ट्याने घट्ट बांधलेलं. त्या मात्र सापडल्या नाहीत. ते चित्र आमच्या टेबलावर होतं तोवरही नाही.

"आदल्याच आठवड्यात मी तिला म्हणालो होतो," सुगावारा-सान टेबलाकडे बघत म्हणाले, "तुझं हे धाकट्याचं चित्र मी मंगळवारी जाळायचा कचरा न्यायला गाडी येते तिच्यात ठेवून देईन बघ. ती म्हणाली, ठेवून तर बघा." मग म्हणाले, "ते थोरल्याचं असेल, तर ती बरोबर होती. मग ती एका मोठ्या गोष्टीसाठी परत गेली असं मला म्हणता येईल. धाकट्याचं असेल, तर माझ्या थट्टेसाठी गेली."

मी त्यांना म्हणायला हवं होतं, अहो, असं नसतं, त्या वडिलांच्या आठवणीसाठी गेल्या. पण त्यांच्या जपानीपुढे माझं जपानी तोकडं पडलं. मोरिता-सानांनी चहा ओतला.

कामाला लागले. किल्लीची खूण कुणाची हे शोधायला फार वेळ लागला नाही. अँटवर्पचे ठसे गोळा करणारा एक युरोपियन स्नेही आहे, वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांना चित्रांच्या पाठींचे फोटो पाठवत असतो. त्याच्याकडे या सुताराची माहिती होती. आणि हा सुतार संघात आला तेव्हा थोरला हयात होता. म्हातारा झाला होता, पण रंगवत होता. म्हणजे काझुए-सानांचं म्हणणं खरं असायला जागा होती!

इथे मी स्वतःलाच बजावलं की तोंड बंद. जागा असणं म्हणजे तसं असणं नव्हे. मोरिता-सानांचंही तेच मत. पण सुगावारा-सान दर महिन्याला येत. शिंकानसेनचा एवढा लांबचा प्रवास करून यायचे, वड्यांचा खोका ठेवायचे, चित्रासमोर बसायचे. "काही कळलं का?" असं कधीच विचारायचे नाहीत. जाताना नुसतं माझ्या तोंडाकडे बघायचे. मी आपली भिंगाच्या काचा पुसत बसायची. त्या वड्या घरी न्यायची, पण स्वतः तोंडात घालायची नाही. नवरा आणि मुलगी खायचे.

मोरिता-सानांनी तोवर जोड बसवला, मीठ काढलं, पापुद्रे एकेक करून चिकटवले. मी पाठीचे नव्याने फोटो काढले, तिरपा उजेड टाकून. तेव्हा दिसलं की किल्लीला तीन दात असायला हवेत तिथे दोनच आहेत. तिसऱ्याच्या जागी नुसता खळगा. आधी वाटलं, त्सुनामीत लाकूड झिजलं असेल. पण झीज तशी नव्हती. ठसा ठोकतानाच तो दात नव्हता.

फोटो स्नेह्याला पाठवले. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. त्याने लिहिलं होतं, या सुताराचा लोखंडी ठसा वापरून वापरून मोडला आणि तो तसाच वापरत राहिला. दोन दातांची किल्ली असलेले आणखी काही तक्ते युरोपात आहेत. त्यांच्यावरच्या ज्या चित्रांवर वर्ष लिहिलेलं आहे ती एकूण एक थोरल्याच्या मृत्यूनंतरची.

तरीही फट होती. ठसा आधीच मोडला असेल, थोरल्याने शेवटी-शेवटी अशाच तक्त्यावर काम केलं असेल. मी त्या फटीत बोट घालून बसले, हे कबूल करते. मग माझ्या मूळ विद्येकडे वळले. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढतं, पावसापाण्याप्रमाणे कधी रुंद, कधी अरुंद. त्या रुंद-अरुंदाचा क्रम जुळवून फळीतलं शेवटचं वलय कुठल्या सालचं ते सांगता येतं. एका फळीच्या कडेला सुताराच्या आणि मुखियाच्या नजरेतून सुटलेली कोवळ्या लाकडाची बारीक कड होती. मी मोजलं. दुसऱ्याकडून मोजून घेतलं. परत मोजलं.

थोरला वारला तेव्हा ते झाड रानात उभं होतं. त्यानंतरही त्याला काही वसंतांत पालवी फुटली होती.

मी भिंग ठेवलं आणि रडले. लॅबमध्ये मी कधी रडलेली नाही. ज्या पाण्याने काझुए-सानांना नेलं, त्याच पाण्याने पाठीवरचा कागद सोडवला आणि त्यांच्या विरुद्धची साक्ष उघडी केली. कागद राहिला असता तर कुणाला कळलं असतं! पुढच्या शंभर वर्षांत कुणी तो काढला नसता.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो बँकेतला माणूस, त्याचं सगळं व्यवहारी. म्हणाला, "मग लिही ना, थोरल्याचं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. कुणाचं काय बिघडतं?"

"नाकारता येते. झाड उभं होतं."

"अगं, म्हातारा माणूस आहे. त्याला झाडाशी काय करायचंय?"

"मी आत्तापर्यंत लोकांना त्यांच्या कपाटांची दारं दाखवली, तेव्हा नाही म्हणालास कुणाचं काय बिघडतं!" मी नको तेवढी चिडले. तो उठून आत गेला. बारीक-सारीक कारणांवरून आम्हीही लग्नापासून असंच भांडत आलोय. त्या रात्री मी मात्र पहिल्यांदा स्वतःहून त्याच्यामागे गेले आणि विषय बदलला.

रिपोर्ट टपालाने पाठवायचा नाही असं मोरिता-सानांनी ठरवलं. आम्ही दोघी गेलो. सुगावारा-सान तेव्हाही टेकडीमागच्या तात्पुरत्या घरांच्या रांगेत राहत होते. पत्र्याची भिंत, एक खोली, खोलीत चौरस बुटकं टेबल. कपाटावर काझुए-सानांचा फोटो. फोटो अस्पष्ट होता, पाण्याने एका बाजूचा रंग गेलेला. जिममध्ये धुवून मिळालेल्यांपैकी तो एक. हाताची घडी घालून कुणाला तरी झापताहेत असं वाटावं असा चेहरा.

मी पाठ केलेली वाक्यं म्हटली. सुताराची खूण, मोडलेला दात, वलयं. ते मान हलवत ऐकत होते, अगदी वर्गातल्या पहिल्या बाकावर बसलेल्या मुलासारखे. शेवटी मी म्हणाले, "चित्र थोरल्याचं असू शकत नाही. धाकट्याचं आहे."

बाहेर शेजारचं कुणीतरी कपडे वाळत घालत होतं, त्या चिमट्यांचा आवाज येत होता.

"म्हणजे मी जिंकलो," सुगावारा-सान म्हणाले.

मी खाली मान घातली.

"एवढ्या वर्षांत एकदाही जिंकलो नव्हतो. आणि आता जिंकलो तर सांगू कुणाला?" ते असं बोलले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. म्हातारा माणूस हमसून हमसून रडताना बघवत नाही. मोरिता-सान कधी कुणाला हात लावत नाहीत. त्या सरकून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

शांत झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "पातो-सान, तुमचं चुकलं तर नसेल ना?" मी म्हणाले, "नाही. चुकलं असावं असं फार वाटलं, पण नाही." त्यांनी वाकून नमस्कार केला. म्हणाले, "खोटं सांगितलं नाहीत, बरं केलंत. तिला खोटं खपत नसे." मला ते ऐकून बरं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. खरं बोलल्याचं जे समाधान मिळायला हवं ते या एका कामात मला मिळालं नाही, आणि ज्यांना ते मिळतं त्यांचा मला हेवा वाटतो.

चित्र परत द्यायला वसंतात सुगावारा-सानांच्या त्याच खोलीवर गेलो. गावाने नवीन सभागृह बांधलं होतं. तिथली माणसं चित्र घ्यायला तयार होती. पाटीवर काय लिहायचं ते आमच्या रिपोर्टप्रमाणे ठरणार होतं. जपानमध्ये मोलाची वस्तू नुसती देत नाहीत. तिच्या मापाची लाकडी पेटी करतात आणि झाकणावर शाईने लिहितात, वस्तू काय आणि कुणाच्या हातची. ते सहसा कुणी जाणकार लिहितो, आणि पुढच्या पिढ्या ते प्रमाण मानतात. पेटी सुगावारा-सानांनी स्वतःच करून घेतली होती. मोरिता-सानांनी चित्र आत ठेवलं. गेलेल्या फरशा त्यांनी फिक्या रंगात भरल्या होत्या, दुसरं कुत्रं मात्र काढलं नव्हतं. जे नाही ते नाही.

"झाकणावर तुम्ही लिहाल का?" त्यांनी सुगावारा-सानांना विचारलं.

"मी जाणकार नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुमच्या रिपोर्टमध्ये धाकटाच आहे ना?"

"हो."

"पाटीवरही तोच राहू दे. लोकांना खरं कळलं पाहिजे."

त्यांनी शाई घोटली. कुंचला टेकवला तो स्थिर हाताने, शेवटी मास्तरच. वर लिहिलं, जुन्या चर्चचा आतला भाग. खाली चित्रकाराच्या जागी थोरल्याचं नाव लिहिलं. मी काही बोलणार एवढ्यात त्यांनी त्याच ओळीखाली बारीक अक्षरांत लिहिलं: असं काझुएचं म्हणणं.

मोरिता-सानांनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर लोकांच्या खोट्या पाट्या उतरवत आले. त्या झाकणावर खोटं काहीच नव्हतं.

शाई वाळायला आम्ही थांबलो. सुगावारा-सानांनी कुंचला धुतला, पुसला, आणि पेटी कपाटासमोर सरकवून फोटोपुढे मांडी घालून बसले. गाल जरा फुगवला, डोळे बारीक केले. माझ्यासमोर वर्षभर बसलेला माणूस हा नव्हताच.

"पण आहे धाकट्याचंच, बरं का," ते फोटोला म्हणाले.

आणि ती आता भडकेल म्हणून वाट बघत बसले.